इतर हक्कांचा रकाना

सात-बाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. जमीन कोणाच्या नावावर आहे एवढे पाहून सामान्य माणूस उतारा घडी करून कपाटात ठेवतो. बँकेतला माणूस मात्र आधी या रकान्याकडे वळतो. मालकाच्या नावाआड काय काय दडले आहे, हे तिथे कळते. कोणाचा बोजा आहे, कोणाची वहिवाट आहे, कुळाचा दावा आहे काय, सरकारची एखादी नोंद आहे काय, हे सारे तिथे लिहिलेले असते. निदान असायला हवे. तारण म्हणून आलेल्या जमिनींचे असे शेकडो उतारे नोकरीच्या काळात मी वाचले आहेत. मुंबईच्या उपनगरांत जमीन, पाणी आणि जंगल यांवरून गेली तीस वर्षे जी भांडणे चालली आहेत, त्यांकडे पाहताना मला वारंवार तोच रकाना आठवतो.

वरवर पाहिले तर ही भांडणे झाड विरुद्ध मेट्रो, बिबट्या विरुद्ध माणूस, झोपडी विरुद्ध उद्यान अशी दिसतात. वर्तमानपत्रांचे मथळेही तसेच असतात. पण आत शिरले की प्रश्न दोनच उरतात. या जमिनीला सरकारदफ्तरी काय म्हणायचे? आणि तिच्यावर कोणाकोणाचा हक्क मांडायचा? कुऱ्हाड नंतर चालते, बुलडोझर नंतर येतो. त्याच्या कितीतरी आधी कोठल्यातरी कचेरीत एक ओळ लिहिलेली असते, किंवा लिहायची राहून गेलेली असते.

नकाशा समोर ठेवला तर गोष्ट सोपी होईल. पश्चिमेच्या रुळांवर गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. पूर्वेच्या रुळांवर विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड. या दोन रुळांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे जंगल पसरले आहे. इंचाइंचाला भाव असलेल्या शहराच्या पोटात एवढे जंगल उरले कसे? आपल्या पूर्वजांच्या वृक्षप्रेमामुळे उरले असे म्हणायला आवडले असते. पण मोठे कारण पाणी आहे. शहराची तहान भागवण्यासाठी विहार तलाव बांधला गेला आणि १८६० पासून त्याचे पाणी मुंबईला मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तलावात येणारे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे ठेवले गेले. आज मुंबईच्या रोजच्या पाण्यात या दोन तलावांचा वाटा अगदी लहान आहे. शहर जगते ते वैतरणा आणि भातसा यांच्या पाण्यावर. पण दीडशे वर्षांपूर्वी पाणलोट म्हणून राखलेली जागा पुढे उद्यान म्हणून टिकली. विहार आणि पवई यांच्या सांडव्यातून मिठी नदी निघते. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा याही इथल्याच डोंगरउतारांवरून येतात. त्यांना आपण नाले म्हणत होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या नद्या असल्याचे आपल्या लक्षात आले.

आता या जंगलाच्या पूर्वेकडच्या काठावर, मुलुंडला येऊ. १९५७ साली तत्कालीन मुंबई सरकारने १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली काही जमीनमालकांच्या नावे नोटिसा काढल्या. तुमच्या खासगी जंगलावर निर्बंध का घालू नयेत, अशी विचारणा त्यांत होती. पुढे फारसे काही घडले नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने खासगी वने ताब्यात घेण्याचा कायदा केला. तरीही या जमिनींच्या बाबतीत कागद हलला नाही. उलट पुढची तीस वर्षे त्याच सरकारने कमाल जमीन धारणा कायद्याखाली परवानग्या दिल्या, महापालिकेने नकाशे मंजूर केले, निबंधकांनी मुद्रांक शुल्क घेऊन खरेदीखते नोंदवली आणि बँकांनी कर्जे दिली. मुलुंड, कांदिवली, बोरिवली या भागांत इमारती उभ्या राहिल्या, त्यांत हजारो कुटुंबे राहायला आली.

दरम्यान खासगी वनांचा कायदा सरकार राबवत नाही, अशी तक्रार घेऊन एक पर्यावरणवादी संस्था उच्च न्यायालयात गेली. डोंगर पोखरले जात होते, तेव्हा ती तक्रार खोटी नव्हती. मग मात्र महसूल खात्याला एकदम जाग आली. २००६ च्या सुमारास जुन्या नोटिसांवरची धूळ झटकून या जमिनींच्या अभिलेखात वनाच्या नोंदी घालण्यात आल्या. सकाळी उठून दूध घ्यायला गेलेल्या माणसाला कळले की आपण जंगलात राहतो! घर विकता येईना, गहाण ठेवता येईना. बँकेचा वकील साधारणपणे मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो. १९५७ ची नोटीस त्या जाळ्यात सापडणार कशी? आणि मागे जाऊन शोधले असते, तरी अभिलेखात तिची नोंदच नव्हती. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांना सोडवले. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावलीही गेली पाहिजे, आणि अर्धशतक निपचित पडलेली नोटीस असे अचानक उठून बसू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

म्हणजे मुलुंडमध्ये झाडे नव्हती, घरे होती, आणि कागद म्हणत होता की हे जंगल आहे. डोंगराच्या पश्चिमेला आरेमध्ये याच्या नेमके उलट झाले.

आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. शहरातील म्हशींचे गोठे बाहेर काढून एका जागी आणावेत, हा तिचा हेतू. त्यासाठी सुमारे १,२८७ हेक्टर जमीन राखली गेली. पुढे दुधाचा व्यवहार आकसला आणि जमिनीचे तुकडे निरनिराळ्या कामांना दिले जाऊ लागले. चित्रनगरी तिथे झाली, तशीच इतर अनेक प्रतिष्ठाने आली. उरलेल्या जागेत मात्र झाडे वाढत राहिली, लगतच्या उद्यानातील बिबटे येत-जात राहिले. २०१५ मध्ये कॅमेऱ्यांच्या साहाय्याने उद्यान आणि परिसरातील बिबट्यांची मोजणी झाली, तेव्हा ३५ बिबटे आढळले. त्यात आरेतले बिबटेही होते. डोळ्यांना ते जंगल दिसते, बिबट्यालाही ते जंगलच वाटते. सरकारदफ्तरी मात्र ती दुग्धविकास खात्याची जमीन.

'जंगल' या शब्दाचा नेहमीच्या व्यवहारातला अर्थ घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात म्हटले होते. त्या आधारावर आरेला जंगल ठरवा, अशी मागणी नागरिक उच्च न्यायालयात करत राहिले. ती मान्य झाली नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-३ च्या कारशेडसाठी झाडे पडू लागली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोपर्यंत २,१४१ झाडे गेली होती. विरोध करणाऱ्या २९ तरुण-तरुणींना अटक झाली होती.

पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे, पण ती एकदा ओळीने मांडण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने कारशेडचे काम थांबवले. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे आणि आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचे जाहीर झाले. कांजूरची जमीन आपली असल्याचा दावा केंद्राने केला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ते हस्तांतर रोखले. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाख रुपयांचा दंड केला. ८४ झाडांची मुभा असताना कंपनीने १७७ झाडांची परवानगी परस्पर मिळवली होती. पण काम अडू नये म्हणून तोडीला संमतीही दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थेट कफ परेडपर्यंत गेली.

त्या मेट्रोत आता आपल्यापैकी अनेक जण रोज बसतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उपनगरी रेल्वेवर आजही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. विरारहून किंवा कल्याणहून लोंबकळत येणाऱ्याला झाडांची महती सांगणे सोपे नाही. मेट्रो हवी होती, यात वाद नव्हता. वाद होता तो कारशेडच्या जागेचा. ती जागा आरेत असेल, हे ज्या टेबलावर ठरले तिथे प्रवासी नव्हता, वृक्षप्रेमी नव्हता आणि पाड्यावरचा वारलीही नव्हता. सरकारी मालकीची आणि मोकळी जागा म्हणून आरे सोयीचे ठरले. आपल्याकडे ज्या जमिनीच्या इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचे नाव नसते, ती 'मोकळी' समजली जाते.

पण ती मोकळी नव्हती. आरेत २७ आदिवासी पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कोकणा अशी ही कुटुंबे दुग्ध वसाहत येण्यापूर्वीपासून इथे राहतात. भाजी लावतात, वाघोबाला पुजतात. जमीन सरकारने घेतली तेव्हा त्यांच्या वहिवाटीची नोंद व्हायला हवी होती, ती झाली नाही. २००६ चा वनहक्क कायदा अशाच लोकांसाठी झाला. पण तो वनजमिनीला लागू होतो, आणि आरे तर जंगल नाही! म्हणजे जंगल नाही म्हणून झाडाला संरक्षण नाही, आणि त्याच कारणाने माणसालाही नाही.

मग आरेला, कांजूरला, उरल्यासुरल्या प्रत्येक हिरव्या तुकड्याला 'जंगल' असे शिक्क्यानिशी लिहून घेतले की प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. दोन अनुभव त्या आड येतात.

पहिला अनुभव खुद्द राष्ट्रीय उद्यानाचा. ते तर कागदावर पक्के जंगल. १९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध याचिका केली आणि ७ मे १९९७ रोजी उच्च न्यायालयाने ती हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनी सात हजार रुपये भरावेत आणि पर्यायी जागा घ्यावी, बाकीच्यांनी निघावे. पर्यायी जागा आधी दाखवली ती कल्याणपलीकडे शिरढोणला. मालाडला घरकाम करणाऱ्या बाईने तिथून रोज कसे यावे? घरे मोडली, निवारा हक्क सुरक्षा समितीसारख्या संघटना उभ्या राहिल्या, आणि बऱ्याच वर्षांच्या झगड्यानंतर चांदिवलीला संघर्षनगर वसले. त्या आदेशाच्या जाळ्यात उद्यानातले मूळचे आदिवासी पाडेही सापडले. काल आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, दोघांनाही एकच शब्द लागू झाला, अतिक्रमक. २०२५ सालीही हे प्रकरण उच्च न्यायालयात सुनावणीला येतच होते. जंगल वाचले पाहिजे, यात शंका नाही. त्याने शहराचे पाणी आणि हवा राखली आहे. पण हक्कांची नोंद न करता नुसते जंगल लिहिले, तर त्याची किंमत सर्वात गरीब माणूस मोजतो आणि भांडणही मिटत नाही.

दुसरा अनुभव कांजूरमार्गचा. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या लोकांना पावसाळ्यात त्याचा वास न सांगता कळतो. तिथली खाडीकाठची जमीन २००८ मध्ये संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाली. पुढच्याच वर्षी त्यातली जवळपास १२० हेक्टर जमीन चुकून समाविष्ट झाली असे सांगून वगळली गेली, आणि तिथे शहराचा कचरा जाऊ लागला. २०१८ मध्ये मुलुंडची कचराभूमी बंद झाली आणि कांजूरवरचा भार आणखी जाणवू लागला. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते वगळणे बेकायदा ठरवून जमीन पुन्हा संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कचरा कोठेतरी टाकावा लागणारच, ही महापालिकेची अडचण खरी आहे. पण एका ओळीने जंगल होते आणि दुसऱ्या ओळीने नाहीसे होते, तेव्हा शिक्क्यावर किती विसंबावे, हेही दिसून येते.

मग विसंबायचे कशावर? या बाबतीत लंडनच्या एपिंग फॉरेस्टची हकीकत मला बोलकी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले जमीनदार जंगलाला कुंपणे घालून ते विकायला निघाले होते. कागदावर मालकी त्यांचीच होती. पण भोवतालच्या गावकऱ्यांना त्या जंगलात गुरे चारण्याचा आणि हिवाळ्यात जळणासाठी फांद्या तोडण्याचा जुना हक्क होता. तो बजावताना गरीब मजूर तुरुंगातही गेले. लंडनच्या नगर महामंडळाकडे त्या भागात थोडी जमीन होती, म्हणजे चराईचा हक्कही होता. त्याच्या जोरावर ते न्यायालयात गेले आणि १८७४ मध्ये जिंकले. १८७८ च्या कायद्याने ते जंगल लोकांसाठी कायमचे राखले गेले. फांद्या तोडण्याचा हक्क संपवताना त्याची भरपाईही दिली गेली. ते जंगल आजही लंडनकरांचे फिरायचे ठिकाण आहे. ते वाचवायला मालकाचा रकाना उपयोगी पडला नाही, इतर हक्कांचा पडला. गरिबाचा हक्क हा जंगलावरचा बोजा मानला गेला असता, तर तिथे आज घरांच्या रांगा असत्या.

आपल्याकडे चळवळी दोन वाटांनी चालत आल्या आहेत. एक वाट झाडांची, तिच्यावर बहुधा इमारतींत राहणारी शिकलेली मंडळी. दुसरी वाट घरांची, तिच्यावर झोपडीतली आणि पाड्यावरची माणसे. १९९७ मध्ये या दोन वाटा न्यायालयात एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. आरेच्या लढ्यात मात्र प्रथमच त्या काही अंतर एकत्र चालल्या. पाड्यावरच्या बायका आणि गोरेगाव-अंधेरीच्या महाविद्यालयांतली मुले एकाच रस्त्यावर बसली. २०१९ ची झाडे वाचली नाहीत. पण त्या आंदोलनाची खरी कमाई हीच होती, आणि ती टिकवण्यासारखी आहे. आरेतले जे ८०० एकर राखीव वन व्हायचे, त्यासाठी वन कायद्यानुसार आधी तिथल्या लोकांचे हक्क तपासून निकाली काढावे लागतात. आपल्या शेजारच्या पाड्याचा दावा त्यात नीट मांडला जातो की नाही, हे पाहणे वृक्षप्रेमी माणसाचेही काम आहे. पाडा जिथे कागदावर आला, तिथल्या झाडाच्या बाजूने उभा राहणारा एक कायमचा हक्कदार तयार झाला.

कागद वेळेवर वाचला तर काय होते, याचाही एक दाखला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात आरेचा मोठा भाग बांधकामाला खुला करण्याचा विचार होता. तेव्हा कोणी झाडाला मिठी मारली नाही. लोकांनी मसुदा वाचला, सभा घेतल्या आणि हरकतींचा पाऊस पाडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा गुंडाळला. २०१९ मध्येही झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर हजारो हरकती आल्या होत्या. पण तोवर मेट्रोची मार्गिका ठरली होती, बोगदे खणले जात होते. मसुद्यावरची हरकत आणि ठरून गेलेल्या कामावरची हरकत यांत एवढे अंतर पडते.

आता पुढची पाने उलटत आहेत. ठाणे-बोरिवली दरम्यान उद्यानाच्या पोटातून जाणाऱ्या जोडबोगद्याच्या कामाचा प्रारंभ जुलै २०२४ मध्ये झाला. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता १२.२ किलोमीटरचा, त्यातले ४.७ किलोमीटर डोंगराखालून जायचे आहेत. मुलुंडच्या माणसाला गोरेगावला पोचायला आज किती वेळ लागतो, हे मी सांगायला नको. हे रस्ते त्याला हवेच आहेत. पण बोगद्याची तोंडे कोठे उघडणार, तिथले पाडे कोठे जाणार, डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याचे काय होणार आणि तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडे जगली की नाही, हे विचारण्याचा हक्क त्यालाही आहे. वृक्षतोडीची जाहीर सूचना १९७५ च्या कायद्यानुसार द्यावी लागते. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि हरकतीला काही दिवसांचीच मुदत असते. रविवारी सकाळी शब्दकोडे सोडवून झाले, की घरातल्या कोणीतरी ते पान एकदा वाचायला हरकत नाही. सर्व्हे नंबर आपल्या भागातला असेल, तर तिथे कोण राहते, एवढे तरी चौकशी करून लिहून पाठवावे.